बीजाणूंचं प्रोबायोटिक : कधी घ्यावं, कसं निवडावं, कधी थांबवावं

लहान मूल असलेल्या घराला ती पाच मिलिलिटरची प्लास्टिकची कुपी ओळखीची असते. बाळाला जुलाब लागले की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जलसंजीवनीच्या (ओआरएसच्या) पाकिटांबरोबर तिचंही नाव असतं. टोक पिळून तोडायचं आणि आतलं किंचित दुधट पाणी पाजायचं. मोठ्यांना अँटिबायोटिकच्या स्ट्रिपबरोबर ‘पोटासाठी’ म्हणून एक लहान गोळी मिळते. कुपी काय किंवा गोळी काय, दोन्हींत बहुतेक वेळा बीजाणू धरणारं प्रोबायोटिक, म्हणजे फायद्यासाठी मुद्दाम घेतले जाणारे जिवंत जिवाणू असतात. आतापर्यंत ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून घरात यायचे. आता कॅप्सूल, पावडर, चॉकलेट, न्याहारीची धान्यं अशा रूपांत ते थेट ऑनलाइन मागवता येतात आणि गॅसपासून त्वचेपर्यंत सगळ्यावर इलाज म्हणून विकले जातात.

हे जिवाणू चिवट असतात, ही त्यांची जाहिरात खरी आहे. पण जिवंतपणी आतड्यात पोहोचणं वेगळं आणि तिथे जाऊन तुमची तक्रार कमी करणं वेगळं. विकत घेताना हा फरक डोक्यात ठेवला, तर पैसेही वाचतील आणि जिथे खरोखर उपयोग आहे तिथे तो पदरातही पडेल.

चिवटपणा येतो कुठून?

दह्यातले किंवा नेहमीच्या प्रोबायोटिकमधले लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू नाजूक असतात. उष्णता, ओलावा आणि जठरातलं आम्ल यांत त्यांची संख्या झपाट्याने घटते. बॅसिलस कुळातल्या जिवाणूंनी यावर उपाय शोधलेला आहे. अन्न संपलं, परिस्थिती बिघडली की पेशी आपल्या जनुकांची एक प्रत आत सुरक्षित बांधून घेते. त्या गाभ्यातलं बरंचसं पाणी काढून टाकलं जातं, त्यात कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल भरलं जातं आणि भोवती प्रथिनांचे थरावर थर चढतात. हाच बीजाणू. तो खात नाही, वाढत नाही. कणगीतल्या बियाण्यासारखा योग्य वेळेची वाट पाहतो. ओलावा आणि पोषण मिळालं की तो पुन्हा नेहमीची पेशी होतो. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्ये बॅसिलस सबटिलिसचे हे उष्णतेला न जुमानणारे बीजाणू वर्णन केले. त्याच वर्षी रॉबर्ट कोख यांनी अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जिवाणूचं जीवनचक्र मांडलं, तेही बीजाणूंसह.

अँथ्रॅक्सचं नाव इथे मुद्दाम घेतलं. बीजाणू धरणं हा सद्गुण नाही, तो केवळ एक स्वभाव आहे. रात्री ओट्यावर तसाच राहिलेला भात सकाळी खाऊन उलट्या होतात, तेव्हा बऱ्याचदा त्यामागे बॅसिलस सिरियस असतो. त्याचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की जागे होतात. म्हणून पाकिटावर नुसतं ‘बीजाणूयुक्त’ लिहिलेलं पाहून भुलू नका. कोणता जिवाणू, ते आधी पाहा.

या चिवटपणाचा आपल्याकडे एक रोकडा फायदा आहे. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. कुरियरच्या गाडीत आणि पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात त्याहून जास्त तापतं. फ्रिजमध्येच ठेवायला हव्या अशा प्रोबायोटिकची बाटली या प्रवासात निकामी होऊ शकते. बीजाणू मात्र बराच टिकाव धरतात. गाव लहान असेल, वीज जात-येत असेल, प्रवास लांबचा असेल, तर हे कारण पुरेसं आहे.

बाजारात भेटणारे तिघे

बॅसिलस क्लॉसी : मुलांच्या जुलाबासाठी दिल्या जाणाऱ्या कुपीत हा असतो. इटलीत तो कित्येक दशकांपासून वापरात आहे. त्याचे वापरातले वाण, म्हणजे उपप्रकार, काही ठरावीक अँटिबायोटिकना दाद देत नाहीत, म्हणून ते अँटिबायोटिकच्या जोडीला दिले जातात. याच्या नव्या शास्त्रीय नावाशी महाराष्ट्राचा संबंध आहे. लोणार सरोवरातल्या एका जिवाणूचा अभ्यास करताना पुण्याच्या संशोधकांनी २०२१ मध्ये या गटाची नवी मांडणी केली. त्यातल्या एका प्रजातीला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. योगेश शौचे यांचं नाव दिलं. कुपीतला क्लॉसी आता शास्त्रीय यादीत ‘शौचेला क्लॉसी’ आहे.

बॅसिलस कोआग्युलन्स : गोळ्या, पावडरी आणि चॉकलेटांमध्ये मुख्यतः हाच भेटतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डबाबंद दूध गोठून नासू लागलं, त्याच्या तपासात १९१५ मध्ये बी. डब्ल्यू. हॅमर यांनी तो शोधला. तो लॅक्टिक आम्ल तयार करतो, म्हणून नंतर त्याला लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनस म्हटलं गेलं. ते वर्गीकरण कधीच मागे पडलं, पण ‘लॅक्टिक ॲसिड बॅसिलस’ हे नाव आपल्याकडच्या स्ट्रिपांवर अजून छापतात. नाव वेगळं दिसलं तरी माल तोच, एवढं ध्यानात ठेवा.

बॅसिलस सबटिलिस : हा मातीतला आणि गवतातला. जपानचं नात्तो, मणिपूरचं हवाइजार, सिक्कीमचं किनेमा, नागालँडचं अखुनी हे आंबवलेल्या सोयाबीनचे पदार्थ याच्याच जिवावर तयार होतात. माणूस तो पिढ्यान्‌पिढ्या खात आला आहे.

कोणत्या तक्रारीवर किती उपयोग?

मुलांचे जुलाब. क्लॉसीचा सर्वाधिक वापर इथेच होतो, आणि पुरावा मात्र दोन्ही बाजूंनी बोलतो. २००७ मध्ये इटलीतल्या ५७१ लहान मुलांवर पाच प्रोबायोटिकची तुलना झाली. फक्त जलसंजीवनी घेतलेल्या मुलांचे जुलाब साधारण ११५ तास चालले, क्लॉसी घेतलेल्यांचे ११८ तास. म्हणजे फरक नाही. त्याच चाचणीत बीजाणू न धरणाऱ्या एका लॅक्टोबॅसिलस वाणाने हा काळ ७८ तासांवर आणला. पुढे २०१८ मध्ये सहा चाचण्यांमधल्या सुमारे १३०० मुलांचा एकत्रित हिशोब मांडला गेला, तेव्हा क्लॉसीमुळे जुलाब सरासरी नऊ तास लवकर थांबल्याचं दिसलं. दिवसातून शौचाला किती वेळा होतं, यात मात्र ठाम फरक दिसला नाही. मथितार्थ असा, की कुपी दिल्याने थोडी मदत होऊ शकते, पण मूल वाचतं ते जलसंजीवनीने.

म्हणून क्रम चुकवू नका. पहिली जलसंजीवनी : दर जुलाबानंतर, घोट घोट. दुसरं जिंक : सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. तिसरं अन्न : अंगावरचं दूध, वरण-भात, पेज, केळं, काहीही बंद करायचं नाही. डॉक्टरांनी सांगितली असेल तर कुपी चौथ्या क्रमांकावर. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाण्याच्या द्रावणाने कॉलऱ्याच्या साथीत असंख्य जीव वाचवले, तेव्हा त्यांच्याकडे प्रोबायोटिक नव्हतं. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर ते जलसंजीवनीच्या पाकिटांवर खर्च करा.

अँटिबायोटिकनंतर बिघडणारं पोट. अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर आतड्यातले रहिवासी जिवाणूही मारतं, त्यातून मळमळ आणि पातळ शौचाचा त्रास होतो. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूवर एका वेळी दोन-दोन अँटिबायोटिक घ्यावी लागतात आणि पोट हमखास कुरकुरतं. २००४ मध्ये अशा १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत क्लॉसी घेणाऱ्यांना मळमळ आणि जुलाब कमी झाले. असा ठरलेला, थोड्या दिवसांचा वापर समजण्यासारखा आहे. मात्र प्रत्येक पाच दिवसांच्या अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक हवंच असं नाही. ज्यांचं पोट दर वेळी बिघडतं, त्यांनी डॉक्टरांना तसं सांगून मागावं. आणि सर्दीला अँटिबायोटिक घेऊन वर प्रोबायोटिक घेण्यापेक्षा मुळात ते अँटिबायोटिक गरजेचं आहे का, हे विचारणं जास्त शहाणपणाचं.

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम). तपासण्या सगळ्या व्यवस्थित, तरी कधी मुरडा, कधी गुबारा, कधी जेवल्या जेवल्या धावायची पाळी. अशा त्रासावर कोआग्युलन्सच्या काही वाणांची आशादायक माहिती आहे. त्यातला एक अभ्यास भारतातला, २०१६ चा. ‘एमटीसीसी ५८५६’ हा वाण रोज २०० कोटी या प्रमाणात ९० दिवस दिल्यावर जुलाब-प्रधान आयबीएसच्या रुग्णांचं पोटदुखणं, फुगणं आणि शौचाच्या खेपा कमी झाल्या. पण रुग्ण होते फक्त ३६, आणि अभ्यास त्या वाणाच्या उत्पादकांशी संबंधित संशोधकांचा. अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिक फक्त चाचण्यांपुरतं वापरावं अशी सावध भूमिका घेतली. ब्रिटनमधला सल्ला जरा मोकळा आहे : घ्यायचंच असेल तर किमान चार आठवडे घ्या आणि परिणामाची नोंद ठेवा. सामान्य माणसाला हा दुसरा मार्ग जास्त कामाचा.

घातक जिवाणूंना अटकाव. इथलं काम नवं आणि रंजक आहे. थायलंडमधल्या ग्रामीण लोकांच्या तपासणीत २०१८ मध्ये असं दिसलं, की ज्यांच्या आतड्यात बॅसिलस आहे त्यांच्यात फोड-पुळ्या आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडत नाही. बॅसिलस तयार करत असलेले काही रेणू स्टॅफिलोकॉकसच्या आपसांतल्या रासायनिक निरोपांत अडथळा आणतात आणि त्याला आतड्यात पाय रोवू देत नाहीत. २०२३ मध्ये त्याच देशात निरोगी माणसांना सबटिलिसचे बीजाणू ३० दिवस दिल्यावर आतड्यातला स्टॅफिलोकॉकस ९५ टक्क्यांहून अधिक घटला. रुग्णालयातल्या संसर्गासाठी पुढे याचा उपयोग होऊ शकेल. यावरून फोड-पुळ्यांसाठी स्वतःच्या मनाने कॅप्सूल सुरू करण्याइतका पुरावा अजून नाही.

बाकीचे दावे. ‘आतड्याची गळती’, वजन, मूड, रोगप्रतिकारशक्ती या नावांवर महागड्या बाटल्या विकल्या जातात. त्यांच्या मागे सहसा वीस-तीस माणसांवरचे, रक्तातला एखादा आकडा मोजणारे प्राथमिक अभ्यास असतात. आकडा हलला म्हणजे माणसाला बरं वाटलं असं होत नाही. या कारणांसाठी पैसे घालण्याची घाई नको.

पाकीट वाचायला शिका

दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत चार गोष्टी पाहता येतात.

पहिली, पूर्ण नाव. प्रजाती, जाती आणि त्यापुढे वाणाचा क्रमांक किंवा खूण : उदाहरणार्थ, बॅसिलस कोआग्युलन्स एमटीसीसी ५८५६, किंवा क्लॉसी यूबीबीसी-०७. अभ्यास होतो तो वाणाचा, कुळाचा नाही. वाण लिहिलेला नसेल, तर जाहिरातीतला अभ्यास त्या बाटलीला लागू पडतो की नाही, हे कळायला मार्ग नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वाणाचं नाव, मुदत संपेपर्यंतची जिवंत संख्या, किती घ्यायचं आणि कसं साठवायचं हे सगळं वेष्टनावर असावं असं सांगितलं आहे.

दुसरी, आकडा. इथे गफलत होते ती मिलियन-बिलियनमध्ये. एक मिलियन म्हणजे १० लाख, एक बिलियन म्हणजे १०० कोटी. जुन्या वळणाच्या काही गोळ्यांत ६० मिलियन, म्हणजे ६ कोटी बीजाणू असतात. आयबीएसच्या वरच्या अभ्यासातला रोजचा डोस होता २०० कोटी. त्या डोसला पोहोचायला अशा चौतीस गोळ्या गिळाव्या लागतील! म्हणजे त्या गोळ्या खोट्या आहेत असं नाही. पण त्या अभ्यासाचा हवाला देऊन ती गोळी घेण्यात अर्थ नाही. दोन उत्पादनांची तुलना करताना किमतीला ‘शंभर कोटींचे किती रुपये’ या हिशोबाने भागून पाहा. रंगीत खोका पुष्कळदा इथे उघडा पडतो.

तिसरी, आकडा कोणत्या दिवसाचा? ‘उत्पादनाच्या वेळी’ आणि ‘मुदत संपेपर्यंत’ यांत मोठी तफावत असू शकते. दुसरं लिहिणारी कंपनी निवडा. आणि लिहिलेलं आत असतंच असंही नाही. भारत आणि पाकिस्तानच्या बाजारातल्या क्लॉसीच्या उत्पादनांची तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात काही उत्पादनांत लिहिल्यापेक्षा कमी जिवाणू, तर काहींत भलतेच जिवाणू निघाले. म्हणून सोशल मीडियावर रातोरात उगवलेल्या ब्रँडपेक्षा वर्षानुवर्षं औषध बनवणारी कंपनी बरी.

चौथी, हे औषध आहे की पूरक अन्न? १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक असेल, तर ते कायद्याने अन्नाच्या खात्यात मोडतं. ते रोग बरा करण्यासाठी नाही, आणि त्यावर तसं छापलेलंही असतं. औषधाच्या उत्पादन परवान्याचा क्रमांक असेल, तर ते औषध. एखादं पूरक अन्न ‘आयबीएस मुळापासून बरा’ असं म्हणत असेल, तर ते तिथेच खाली ठेवा.

घ्यायचं कसं?

• अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा. बीजाणू स्वतः टणक असला तरी आतड्यात उगवलेली पेशी अँटिबायोटिकने मरू शकते.

• कुपी आधी चांगली हलवा, तळाला बसलेले बीजाणू वर येऊ द्या. उघडल्यावर लगेच पाजा, अर्धी ठेवून देऊ नका. पाण्यातून किंवा दुधातून चालते.

• कुपीचा आकार इंजेक्शनच्या ॲम्प्यूलसारखा दिसतो. ती फक्त पिण्यासाठी आहे. घरात दुसरी औषधंही असतील, किंवा कुणी शेजारची नर्स मदतीला येत असेल, तर हे स्पष्ट सांगा.

• कॅप्सूल गिळता येत नसेल तर उघडून ताकात, वरणात, मऊ भातात मिसळता येते. बीजाणू कोमट अन्नाला घाबरत नाहीत. उकळत्या आमटीत टाकून चाचणी घेण्याची मात्र गरज नाही.

• पहिले काही दिवस गॅस जरा वाढू शकतो. निम्म्या डोसने सुरुवात केली तर बऱ्याच जणांना सोसतं.

जुनाट तक्रारीसाठी घेणार असाल, तर वहीत रोज तीन गोष्टी टिपा : शौचाला किती वेळा झालं, कसं झालं, आणि दुखणं-फुगणं शून्य ते दहापैकी किती. ‘कसं झालं’ यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा. त्यात घट्ट खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत सात प्रकार चित्रांसह दिलेले असतात. गोळी सुरू करण्याआधीचा एक आठवडा नोंद ठेवा, मग घेतानाचे चार आठवडे. या काळात जेवणात दुसरा बदल करू नका, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं ते कळणार नाही. चार आठवड्यांत वहीत फरक दिसला नाही, तर थांबवा किंवा वाण बदला. फरक दिसला, तर दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद करून पाहा. हे जिवाणू आतड्यात कायमचं बिऱ्हाड करत नाहीत. घेणं थांबवल्यावर बहुधा एक-दोन आठवड्यांत निघून जातात. बंद केल्यावरही बरं वाटत असेल, तर पुन्हा विकत कशाला घ्यायचं?

कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये

निरोगी माणसाला हे जिवाणू सहसा त्रास देत नाहीत. पण प्रतिकारशक्ती खूप खालावलेली असेल, तर तेच रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, मोठ्या शिरेत नळी बसवलेले, अतिदक्षता विभागातले रुग्ण आणि अपुऱ्या दिवसांची बाळं यांना स्वतःच्या मनाने देऊ नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये सगळ्याच प्रोबायोटिकविषयी इशारा दिलेला आहे.

काही लक्षणांत प्रोबायोटिकवर वेळ घालवणंच धोक्याचं. मूल सुस्त पडलंय, डोळे खोल गेलेत, सहा-आठ तासांत लघवी नाही, शौचातून रक्त जातंय, उलट्यांमुळे पाणीही टिकत नाही : तडक दवाखाना गाठा. मोठ्यांमध्ये वजन आपोआप घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल असेल, तर आधी तपासणी, मग गोळी.

आणि ताटाचं काय?

घरचं दही-ताक बीजाणूंची जागा घेत नाही आणि बीजाणू दही-ताकाची. दह्यातून प्रथिनं, कॅल्शियम मिळतं आणि जेवणाचं समाधान होतं. कॅप्सूल ते देत नाही. शिवाय आतड्यातले मूळचे जिवाणू जगतात ते आपल्या ताटातल्या तंतूंवर. ज्वारी-नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, सालासकट फळ हे रोज पोटात जात नसेल, तर बाहेरून पाहुणे जिवाणू धाडून फारसं साधत नाही. कडधान्यांनी पोट फुगत असेल, तर एकदम सोडू नका. थोड्या प्रमाणात, नीट शिजवून वाढवत न्या.

पुढच्या वेळी मेडिकलमध्ये कुणी ‘हे पण घेऊन जा, पोटासाठी चांगलं असतं’ म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा : कोणत्या तक्रारीसाठी, कोणता वाण, किती दिवस? तिन्हींची उत्तरं मिळाली तर घ्या, आणि ठरलेल्या दिवशी बंद करा. एकाचंही उत्तर नसेल, तर तेवढ्या पैशांत जलसंजीवनीची पाकिटं घ्या आणि घरात ठेवा. ती कधी ना कधी नक्की लागतील.